तुरुंगातले नाटक आणि गावची जत्रा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनाबद्दल नऊ वर्षे मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगतो आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि त्याला एका आईची भूमिका मिळाली. त्याने मला लिहिले, "मुलगा आता परत येणार नाही हे जिला ठाऊक नाही, अशी ती बाई त्याचे ताट वाढून बसते. त्या ताटाचे काय करायचे ते मला आठ दिवस सुचेना. मग आपली आई करते तसे मी त्यावर दुसरे ताट पालथे घातले आणि मला पुढचे बोलताच येईना. बांधापलीकडच्या घरातही एक आई आहे, हे मला तेव्हा कळले." आमचे यजमान म्हणतात की शिक्षेत माफी मिळावी म्हणून चाललेली ही नाटके आहेत. पुढच्या महिन्यात तो संचित रजेवर, म्हणजे कैद्याला काही दिवस घरी जाण्यासाठी मिळणाऱ्या सुट्टीवर येईल. त्याच दिवसांत आमच्या देवीची जत्रा असून, पूर्वी तो ज्या दशावतारी (आपल्याकडच्या जत्रांतले लोकनाट्य करणाऱ्या) मंडळात होता, ते मंडळ त्याला रात्रीच्या प्रयोगात उभे करू म्हणते. हा बदल खरा मानावा का आणि त्याला उभे राहू द्यावे का?
— एक भगिनी, ता. कुडाळ

उत्तर : आपल्या भाषेत 'नाटके करणे' म्हणजे खोटे वागणे, त्यामुळे तुमच्या यजमानांची शंका स्वाभाविक आहे आणि तिचा राग धरू नये. माफीच्या आशेने तालमीत नाव देणारे कैदी असतात. काही जण तर केवळ दुपारचे दोन तास बराकीबाहेर काढता यावेत म्हणून येतात. परंतु माणूस कशासाठी आला यापेक्षा आल्यावर त्याला काय करावे लागते, हे मला महत्त्वाचे वाटते. कारागृहातल्या तालमी मी काही वर्षे जवळून पाहिल्या आहेत. पहिल्या दिवशी कोणीही दुसऱ्याकडे पाठ करून उभा राहत नाही. सगळे भिंतीला टेकतात, कारण पाठ मोकळी सोडणे तिथे परवडत नाही. त्याच माणसांना पुढे एकमेकांच्या वाक्याची वाट पाहावी लागते, दुसऱ्याची चूक सावरून घ्यावी लागते, आणि कोणाची न्यायालयाची तारीख निघाली तर संध्याकाळी बराकींना कुलूप लागण्याआधी त्याची जागा भरून काढावी लागते. हे उपदेशाने होत नाही, रोजच्या सरावाने होते.

तुमच्या भावाला हे शिक्षण अर्धे घरीच मिळालेले होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात (जिथे नट रंगतात तिथे) आख्यान ठरते आणि संवाद मंचावर सुचतात, म्हणून समोरचा काय बोलला ते ऐकल्यावाचून आपले वाक्यच येत नाही. ज्याने बांधावर समोरच्याचे ऐकले नाही, त्याला हे ऐकणे पुन्हा शिकावे लागले. (पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा असलेल्या मुलखातून तो आला, म्हणून आईची भूमिका घेताना त्याला लाज आडवी आली नसावी, असे मला वाटते. तेही थोडे नाही.)

असे अन्यत्रही घडले आहे. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन कारागृहात १९ नोव्हेंबर १९५७ रोजी सुमारे १,४०० कैद्यांपुढे नाटककार सॅम्युअल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चा प्रयोग झाला. रिक क्लची हा जन्मठेपेचा कैदी तो प्रत्यक्ष पाहू शकला नाही, कोठडीत ध्वनिक्षेपकावरून त्याने तो ऐकला. पुढे त्याने त्याच कारागृहात नाट्यगट उभारला, १९६६ मध्ये तो सुटला आणि नंतर स्वतः बेकेटच्या दिग्दर्शनाखाली त्याने काम केले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात रंगकर्मी हुलुगप्पा कट्टीमनी यांनी म्हैसूरच्या कारागृहातील कैद्यांना घेऊन शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'चे कन्नड रूप उभे केले. खून आणि खुनानंतरची झोप उडणे हा त्या नाटकाचा विषयच आहे.

मात्र ही उदाहरणे तुमच्या भावाबद्दल हमी देत नाहीत. मला विश्वास वाटतो तो त्याच्या पत्रामुळे. ढोंग करणारा माणूस 'मला पश्चात्ताप झाला' असे लिहून मोकळा होतो. ताटावर पालथे घातलेले ताट त्याला सुचत नाही. तरीही हा बदल रजेतच तपासला जाईल : पोलीस ठाण्यातली हजेरी तो वेळेवर देतो का, कोणी जुना विषय काढल्यावर आवाज चढवतो का, रजा संपल्या दिवशी स्वतःहून परत जातो का. रजेच्या सर्व अटी तुम्ही आधीच नीट समजून घ्या.

जत्रेच्या प्रयोगाबाबत माझे उत्तर स्पष्टपणे 'नको' असे आहे. त्या रात्री देवळापुढे बसणाऱ्यांत बांधापलीकडचे घरही असेल. पेटी-पखवाज सुरू झाला, तुमचा भाऊ मुकुट घालून आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर त्या आईने कुठे पाहावे? त्याला काय उमगले हे तिला कोणी सांगितलेले नाही, आणि सांगितले तरी ऐकून घेण्याचे तिच्यावर बंधन नाही. माफी मागायला त्याने अचानक तिच्या दारातही जाऊ नये. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या मानकऱ्याकरवी आधी विचारणा करावी, आणि नकार आला तर तो निमूटपणे मानावा. मंडळाला सांगा की तो सुटून आल्यावर, दूरच्या गावच्या जत्रेत त्याला घेऊन जा. तिथे त्याने आधी मंडळाच्या सामानाचा पेटारा उचलावा. 'रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा' असे आपल्याकडे दशावतारी स्वतःबद्दलच म्हणत आले आहेत, त्यामुळे त्यात त्याला कमीपणा वाटणार नाही.

एक गोष्ट राहिली. ताटाची हकिकत त्याने तुम्हाला लिहिली आहे. तुमच्या आईला ती ठाऊक आहे असे पत्रावरून दिसत नाही. ती तुम्ही तिला आधी सांगू नका. तो घरी येईल, जेवायला बसेल, तेव्हा त्याला स्वतःला ती सांगू द्या.