घराच्या खिडक्यांना नक्षीचे कापडी रोलर ब्लाइंड लावावेत की पडदेच बरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की खारघरच्या नव्या फ्लॅटला प्रिंटचे कापडी रोलर ब्लाइंड, म्हणजे खिडकीवरच्या नळीला गुंडाळलेलं आणि चेनने खालीवर होणारं सपाट कापड, लावायचे मनात आहे, पण घरचे म्हणतात, ‘ब्लाइंड ऑफिसात शोभतात, घराला पडदेच हवेत.’ शिवाय खर्च किती, साफ कसे करायचे आणि झेब्रा, म्हणजे आडव्या पट्ट्यांचे दोन थरांचे ब्लाइंड, घ्यावेत का, हेही विचारलंय.

लावा. बेडरूमला तर लावाच. घरच्यांच्या त्या वाक्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण जवळपास याच शब्दांत आमच्या मोठ्या भाऊजींनी ते मला ऐकवलं होतं.

आम्ही नेरुळला पाम बीच रोडच्या बाजूला राहतो. खिडक्या पश्चिमेला, समोर खाडी. पाहुणे आले की खिडकीशी जाऊन वा वा करतात, पण उन्हाळ्यात दुपारी तीननंतर त्या खोलीत बसून दाखवावं. ऊन थेट पलंगावर, आणि पाण्यावरून येणारी तिरीप वेगळीच. ती खोली सासूबाईंची. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांना झगझगाट सोसत नव्हता. तिथे होते मरून रंगाचे, अस्तर लावलेले जाड पडदे. ओढले की भर दुपारी दिवा लावायचा, सारले की डोळ्यांवर ऊन. मधलं काही नाही.

आणि ते पडदे धुणं. ज्यांनी धुतलेत त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी नाही त्यांच्यासाठी लिहिते. दिवाळीच्या आधी स्टुलावर चढून रॉड उतरवायचा, पडदे ओढून काढायचे, तेवढ्यानेच नाकातोंडात धूळ. नवी मुंबईत बांधकामं संपत नाहीत, त्यात पारसिकच्या डोंगरातल्या खाणींनी कित्येक वर्षं या भागाला धूळ खायला घातली. मशीनमध्ये एका वेळी एकच पडदा मावतो आणि पहिलं पाणी चहासारखं निघतं. धुतल्यावर अस्तर एका मापाने आटतं, वरचं कापड दुसऱ्या मापाने, मग खालच्या कडेला झोळ येतो तो इस्त्रीनेही जात नाही. ओला पडदा ग्रिलवर टाकायचा तर दोन माणसं लागतात. हे सगळं माझ्या आधी सासूबाईंनी केलं, त्यांचे गुडघे गेल्यावर मी.

म्हणून मी ब्लाइंडचं काढलं, तेव्हा सणाला आलेले भाऊजी म्हणाले, “घराची शोभा पडद्यात असते. उद्या तुमच्याकडे आलो की बँकेत नंबर लावून बसल्यासारखं वाटेल.” मी धुण्याचं सांगितलं, तर म्हणाले, “मग बाई लावा की धुवायला!” माझा नवरा गप्प. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “तिला हवं ते लावू दे, खोली माझी आहे.” मी ऑर्डर दिली.

आता कापडाबद्दल नीट वाचा, कारण पैसे इथेच फुकट जातात. वाशीच्या एका दुकानात आम्ही कॅटलॉग पाहिला. दुकानाच्या उजेडात सगळीच कापडं सुंदर दिसतात. मी नमुन्यांचं पुस्तक घरी मागितलं. दुकानदाराने खूप आढेवेढे घेतले, शेवटी अनामत घेऊन दिलं. दुपारी चारच्या सुमाराला एकेक तुकडा काचेवर धरून पाहिला. दुकानात सगळ्यांना आवडलेलं मोठ्या निळ्या फुलांचं कापड मागून ऊन आल्यावर ओळखू येईना. फुलं करडी पडली, कापडाची वीण आणि त्यातल्या गाठीच डोळ्यांत भरू लागल्या. दुसऱ्या कापडाला मागून पांढरं ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं, कोटिंग होतं, त्याची नक्षी उन्हातही जशीच्या तशी राहिली. प्रिंट छापलेलं असतं पुढून आणि दिवसा उजेड येतो मागून, म्हणून नक्षीचं कापड घेताना आधी पाठ बघायची. कोटिंग नसलेलं प्रिंट उत्तरेच्या खिडकीला किंवा हॉलला चालेल, तिथे गाळून आलेला उजेड छान वाटतो. पश्चिमेला नाही.

सासूबाईंनी बोट ठेवलं ते फिकट पिस्ता रंगावर बारीक पानांची नक्षी असलेल्या कापडावर. बारीक नक्षीच घ्या. ब्लाइंड अर्ध्यावर थांबला तरी ती अपुरी वाटत नाही, मोठं फूल असेल तर मधेच कापलं जातं. शेजारी-शेजारी दोन खिडक्या असतील तर मोठी नक्षी दोन्हीकडे एका रेषेत जुळवून घ्यावी लागते, आणि ते आधी बजावलं नाही तर कोणी करत नाही.

फिटर माप घ्यायला आला त्या दिवशी दोन गोष्टींवरून माझी त्याच्याशी जुंपली. पहिली, गुंडाळी. नेहमीच्या पद्धतीत कापड नळीच्या मागून, काचेच्या बाजूने सुटतं, त्यामुळे वरच्या गुंडाळीवर कापडाची पांढरी पाठ दिसते. साध्या कापडाला ते चालतं, नक्षीच्या कापडावर ते पांढरं वेटोळं विद्रूप दिसतं. एकतर कापड पुढून सुटेल अशी उलटी गुंडाळी करून घ्या किंवा वर झाकण, म्हणजे कॅसेट किंवा पेल्मेट. उलट्या गुंडाळीत कापड काचेपासून थोडं लांब पडतं, कडेने उजेड जरा जास्त येतो, पण खिडकीचं हँडल त्याला अडत नाही. मी उलटी करून घेतली.

दुसरी, माप. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तिन्हीकडे मोजून सगळ्यात कमी भरेल ती धरायची. आपल्या इमारतींच्या चौकटी काटकोनात असतातच असं नाही. आमचा फिटर फक्त वरची रुंदी घेऊन निघाला होता, त्याला परत स्टुलावर चढवलं. खालची रुंदी कमी निघाली.

ब्लॅकआउट म्हणजे खोलीत अंधार, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उजेड अडवतं ते कापड. ब्रॅकेट आणि चेनच्या यंत्रणेला जागा लागते, म्हणून कापड दोन्ही बाजूंना साधारण दीड-दोन सेंटीमीटर अरुंद असतं आणि तिथून सकाळी उजेडाच्या दोन उभ्या रेघा पडतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कोणी घरात असेल तर ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवा आणि दोन्हीकडे तीन-चार इंच जास्त घ्या. आम्हाला पूर्ण अंधार नकोच होता. सासूबाई ब्लाइंड इतकाच सोडतात की उन्हाचा पट्टा पलंगावरून खाली फरशीवर जाईल. बसल्या जागी चेन ओढतात, कोणाला हाक मारावी लागत नाही. त्या मरून पडद्यांनी हे कधी जमलं नसतं.

काही दिवसांनी गुंडाळताना कापड एका बाजूला सरकायला लागलं, तर घाबरून कंपनीला फोन लावू नका. आधी नळी लेव्हलमध्ये आहे का ते बघा. असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा आणि कापड ज्या बाजूला सरकतंय त्याच्या विरुद्ध टोकाला उघड्या नळीवर कागदी टेपचा छोटा तुकडा चिकटवा. तिथे नळी किंचित जाड होते आणि कापड त्या बाजूला ओढलं जातं.

साफसफाई म्हणाल तर ब्लाइंड पूर्ण सोडून वरून खाली कोरडं मऊ फडकं किंवा व्हॅक्युमचा ब्रश फिरवायचा, तोही हलक्या ओढीवर. कापड सपाट लटकतं, चुण्या नाहीत, त्यामुळे धूळ साठायला पडद्याइतकी जागा नाही. डाग पडला तर ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने टिपून घ्यायचा. मशीनमध्ये घालायचं नाही, कोटिंगला भेगा पडतात. दिवाळीला माझं सगळ्या खिडक्यांचं काम एका सकाळीत उरकतं.

खर्च कापडावर आणि यंत्रणेवर ठरतो, दर चौरस फुटाचा असतो. सहा बाय साडेचारची खिडकी म्हणजे 27 चौरस फूट, त्याला दराने गुणा. बहुतेक दुकानदार लहान खिडकीलाही ठरावीक किमान क्षेत्रफळाचं बिल लावतात, म्हणून बाथरूमच्या झरोक्याला ब्लाइंड करून पैसे घालवू नका. हॉलची खिडकी फार रुंद असेल तर एकच अजस्र ब्लाइंड न करता दोन करा आणि मधली फट खिडकीच्या मधल्या पट्टीवर येऊ द्या. रुंद नळीला मध्ये झोळ येतो.

झेब्रा बेडरूमला नको. जाड आणि पारदर्शक पट्ट्यांचे दोन थर असतात, बंद केला तरी उजेडाच्या बारीक रेघा राहतात आणि दोन थरांमध्ये धूळ बसते. जाळीदार सनस्क्रीन कापडावर 3 टक्के, 5 टक्के असं लिहिलेलं असतं, ते विणीतल्या मोकळ्या जागेचं प्रमाण. दिवसा त्यातून बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की नेमकं उलटं. समोर दुसरी इमारत असेल तर हे विसरू नका.

काही तोटे आहेत, ते आधी लिहायला हवे होते. खिडकी उघडी आणि ब्लाइंड खाली, असं वाऱ्याच्या दिवसांत जमत नाही. कापड फडफडतं, खालची पट्टी आपटत राहते. हवा हवी तर वर घ्यावाच लागतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा पाऊस स्लायडिंगच्या खाचेतून आत येतो, खालची कड भिजते. ओलं कापड गुंडाळून ठेवलंत तर बुरशी धरेल, वाळेपर्यंत सोडून ठेवा. स्वयंपाकघरात कापडी ब्लाइंड अजिबात नको, फोडणीचा तेलकट थर निघत नाही. उकाड्याबाबतही फार आशा ठेवू नका. पांढरी पाठ थोडं ऊन परतवते, पण काचेतून आत आलेली उष्णता आत आलेलीच असते. आणि घरात लहान मूल असेल तर चेनचं लोंबतं वेटोळं हा गळफासाचा धोका आहे. ते भिंतीला क्लिपने ताणून पक्कं करून घ्या, पाळणा किंवा पलंग खिडकीपाशी ठेवू नका, नाहीतर बिनचेनचा स्प्रिंगवाला घ्या. यात काटकसर करायची नाही.

घरच्यांना ऑफिससारखं वाटेल अशी भीती असेल तर ती राखाडी, साध्या कापडाने खरी ठरते. नक्षीचं कापड आणि दोन्ही कडांना पातळ सुती पडद्याची एकेक पट्टी, एवढं केलं की हॉल घरासारखाच दिसतो. त्या पातळ पट्ट्या मशीनमध्ये सहज धुतल्या जातात. आमच्या हॉलला मी तेच केलंय. भाऊजी त्यानंतर येऊन बसले, चहा घेतला, बँकेचं काही बोलले नाहीत. जाऊबाईंनी मात्र उठून चेन ओढून पाहिली, पाठीचं कोटिंग बोटाने तपासलं आणि मला दुकानाचा पत्ता विचारला. मी भाऊजींसमोरच लिहून दिला.