मान्यता नसलेल्या सरकारच्या देशाशी व्यवहार करताना

प्रश्न : भोसरीत आमचा सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. तैवानमधील ताइचुंगच्या एका कंपनीकडून सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) यंत्र घ्यायचे चालले आहे. भारताची तैवानच्या सरकारला मान्यता नाही, असे कळल्यापासून धास्ती वाटते. आगाऊ रक्कम अडकली, तर दाद कुठे मागायची?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे, मात्र धोका आपण समजता तिथे नाही. भारताने १९४९ च्या अखेरीस चीनचे सरकार म्हणून बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली आणि तैवानची राजधानी तैपेई येथील सरकारशी राजनैतिक संबंध उरले नाहीत. तरीही १९९५ मध्ये तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आणि नवी दिल्लीत ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ सुरू झाले. दूतावास हा शब्द टाळून व्हिसा आणि कागदपत्रांच्या साक्षांकनाची कामे या संस्था करतात. या तैपेई केंद्राचे कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे.

दोन सरकारांना परस्परांशी करार करता येत नाही, म्हणून सह्या या संस्था करतात. अशा करारांना बळ मिळावे म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ९०अ आले, ज्यानुसार दोन संस्थांमधला करार केंद्र सरकारला अधिसूचना काढून लागू करता येऊ लागला; २०११ चा दुहेरी करआकारणी (एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर) टाळण्याचा करार याच वाटेने आला. मान्यतेच्या प्रश्नाला हात न लावता व्यापाऱ्याला कायद्याचे संरक्षण देणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते. जकातीचीही अडचण नाही, कारण तैवान २००२ पासून स्वतंत्र जकात क्षेत्र म्हणून जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे.

खरी उणीव वसुलीत आहे. परदेशी लवादाचे (न्यायालयाबाहेर तंटा सोडवणाऱ्या पंचांचे) निवाडे अमलात आणण्यासंबंधीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराबाहेर तैवान आहे. त्यामुळे पुण्यात तुमच्या बाजूने निवाडा झाला, तरी तो मानायचा की नाही, हे तैवानचे न्यायालय स्वतःच्या कायद्यानुसार ठरवते. तिथे वकील नेमायचा, तर साधे मुखत्यारपत्रसुद्धा आधी परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग वरील तैपेई केंद्राकडून साक्षांकित करून घ्यावे लागते.

म्हणून भांडणाची वेळ येण्याआधीच पैसे सुरक्षित करावेत. थेट आगाऊ रक्कम न पाठवता लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद सादर झाल्यावरच विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडावे. बँक यंत्र पाहत नाही, कागद पाहते. तेव्हा माल जहाजावर चढण्यापूर्वी त्रयस्थ तपासणी संस्थेने दिलेला दाखला आवश्यक कागदांत अवश्य घालावा. किमतीचा काही भाग यंत्र भोसरीत बसून चाचणी पार पडेपर्यंत राखून ठेवावा. विक्रेत्याने आगाऊ रकमेचा हट्टच धरला, तर तेवढ्या रकमेची, भारतीय बँकेमार्फत दिलेली बँक गॅरंटी (विक्रेता चुकल्यास रक्कम परत देण्याची बँकेची हमी) मागावी आणि ती हाती येईपर्यंत पैसे पाठवू नयेत.