टर्मिनलमध्ये विम या टेक्स्ट एडिटरचे रंग आणि फॉन्ट कसे बदलायचे? डार्क थीम डोळ्यांना खरंच चांगली असते का?

रंग बदलणं सोपंय, विममध्ये कोलन देऊन कलरस्कीम लिहा, स्पेस द्या आणि टॅब दाबत राहा, एकेक नाव येत जातं, आवडेल ते विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीत टाका. पण डार्कच चांगली असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला आधी माझा किस्सा ऐकवा.

2013 ची गोष्ट. जळगावला गोलाणी मार्केटजवळ एका छोट्या ऑफिसात होतो, आजूबाजूच्या जिनिंगवाल्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम. सरांचा नियम होता, सगळ्यांच्या स्क्रीन काळ्याच पाहिजेत. का, तर लोडशेडिंग. काळ्या स्क्रीनला करंट कमी लागतो म्हणे, इन्व्हर्टर टिकतो. माझी पाठ पश्चिमेच्या खिडकीकडे, त्यामुळे दुपारनंतर स्क्रीनमध्ये कोड कमी आणि माझंच तोंड जास्त दिसायचं, वर चष्म्याला सिलिंडरचा नंबर, म्हणजे काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. दोनदा सांगून पाहिलं, 'सवय होईल' म्हणाले.

दिवाळीनंतर कापसाचा सीझन भरात होता. धरणगावकडच्या एका जिनिंगच्या सर्व्हरवर मी पुटीतून, म्हणजे लांबच्या सर्व्हरला जोडणाऱ्या टर्मिनल प्रोग्राममधून लॉगिन होतो, रात्री आपोआप चालणारी एक रीस्टार्टची स्क्रिप्ट होती, ती विममध्ये उघडली, वरवर वाचली आणि चार वाजता हाताने चालवून बघितली. स्क्रिप्टच्या डोक्यावर हॅश टाकून, म्हणजे फक्त माणसांनी वाचायची कमेंट म्हणून, कोणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं: काटा चालू असताना चालवू नये, आधी फोन करा. गडद निळ्या अक्षरात, काळ्यावर. मला ती ओळ रिकामीच दिसली हो! वजनकाटा दीड तास बंद. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गेटबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या. काट्यावरच्या पोराच्या हातातला फोन एका शेतकऱ्याने ओढून घेतला आणि मला विचारलं, "तुना डोया फुटनात का रे भो?" काय उत्तर देणार, खरंच दिसलं नव्हतं.

तर तुमच्या कामाचं इथे आहे. विमला मागचा रंग कुठला ते कळलं नाही तर तो पांढरा धरून चालतो आणि कमेंटला गडद निळा देतो, त्यात पुटीचा निळा मुळातच काळपट. विमआरसीत सेट बॅकग्राउंड=डार्क लिहा. या ओळीने पडदा काळा होत नाही, बऱ्याच लोकांचा तसा गैरसमज असतो, ती फक्त विमला सांगते की मागे काळं आहे, अक्षरं त्या हिशोबाने रंगव. पुटीत विंडोखाली कलर्समध्ये जाऊन एएनएसआय ब्लू फिका करा आणि मग सेशनमध्ये परत येऊन सेव्ह दाबा, नाहीतर उद्या सगळं पहिल्यासारखं.

फॉन्ट विममधून बदलायचा प्रयत्नच करू नका, टर्मिनलमध्ये तो टर्मिनलचा असतो, गुईफॉन्ट ही सेटिंग फक्त जीव्हिमला, म्हणजे स्वतःच्या खिडकीत चालणाऱ्या विमला लागू. शून्य आणि ओ वेगळे दिसतील असा घ्या, मी कन्सोलास 14 वापरतो. देवनागरी कमेंट लिहायची हौस असेल तर जोडाक्षरं तुटलेली दिसतील, टर्मिनल एकेका चौकोनात अक्षर बसवतो ना.

आता इन्व्हर्टर. नोकरी सोडायच्या आधी मी प्लगमध्ये लावायचं वॅट मीटर आणलं होतं. आमच्या एलसीडीला पांढरी स्क्रीन असताना 18 वॅट, काळी केली तरी 18. मागचा दिवा जळतच राहतो, वर कुठला रंग आहे त्याला काय फरक पडतो? ब्राइटनेस निम्म्यावर आणला तेव्हा 12 झाले. सरांना दाखवलं तर म्हणे तुझं मीटर चायनाचं आहे.

म्हणून माझं मत, दिवसा उजेडात बसत असाल तर पांढरीच ठेवा, डार्कचं खूळ रात्री दिवा मालवून बसणाऱ्यांचं आहे. हां, एक राहिलं, तुमचा डिस्प्ले ओलेड असेल तर काळ्यात खरंच बॅटरी वाचते, तिथे काळा पिक्सेल बंदच असतो. सरांनी मागच्या वर्षी तसलाच फोन घेतला आणि रात्री साडेअकराला मला बॅटरीचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच शब्द, 'बघ'. मी अजून रिप्लाय दिलेला नाही.