कॅनन १५००डी सोबत १८-५५ लेन्स आली आहे. पक्ष्यांसाठी पहिली झूम कोणती घेऊ?

कॅननचीच ५५-२५० आयएस एसटीएम. दुकानात बहुधा ७५-३०० दाखवतील. स्वस्त आणि वर आकडा मोठा! ती नको, तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय, नावातलं 'आयएस' ते हेच) नाही.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने २५० मिमीला दृश्य फुल-फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ४०० मिमीइतकं जवळ दिसतं. हाताची थरथरही तितकीच मोठी होते. म्हणून स्टॅबिलायझेशन नसेल तर शटर निदान १/४०० सेकंदाइतकं वेगवान हवं. भर उन्हात ते जमतं, पण संध्याकाळी तळ्याकाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवत बसावं लागतं. अर्थात उडता बगळा टिपायचा तर स्टॅबिलायझेशन असूनही शटर १/१००० च्या पुढेच न्या. स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं, बगळ्याला नाही.

५५-२५० चं वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, दिवसभर गळ्यात सहज राहते. एफ/४-५.६ असल्याने, म्हणजे आत प्रकाश कमी येत असल्याने, अंधाऱ्या सभागृहातल्या कार्यक्रमांना मात्र फार उपयोगाची नाही.

सेकंडहँड मिळाली तर खुशाल घ्या, फक्त मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे नाहीत ना ते बघा. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.