१८८८ चा लायन्स दौरा ऑफिशियल नव्हता, तो दोन क्रिकेटरांचा धंदा होता

ब्रिटिश लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या खेळाडूंची मिळून होणारी रग्बी टीम. त्यांच्या पहिल्या, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्याबद्दल दोन प्रश्न आलेत. एक, ब्रिटिश लायन्सचा पहिला दौरा १८८८ चा धरतात तर त्यात एकही टेस्ट मॅच, म्हणजे राष्ट्रीय टीमविरुद्धची मॅच, कशी नाही? आणि दुसरा, तो ऑफिशियल, म्हणजे रग्बी युनियनने मान्यता दिलेला, होता का? दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. आणि तो ऑफिशियल का नव्हता हे एकदा कळलं की त्या दौऱ्यातल्या बाकीच्या विचित्र गोष्टी पण आपोआप समजतात, म्हणून जरा लांबण लावतो.

झालं काय की १८८७-८८ च्या सीझनला इंग्लंडच्या दोन वेगवेगळ्या क्रिकेट टीम एकाच वेळी ऑस्ट्रेलियात फिरत होत्या. एक शॉ, श्रूजबरी आणि लिलीव्हाइट यांनी नेलेली, दुसरी मेलबर्न क्रिकेट क्लबने बोलावलेली, जिचा कॅप्टन व्हर्नन होता. एका गल्लीत दोन वडापावच्या गाड्या लागल्यावर जे होतं तेच झालं, दोन्हीकडे तोटा. (हा व्हर्नन म्हणजे तोच जो १८८९-९० ला टीम घेऊन मुंबईत आला आणि पारशांकडून हरून गेला. आणि हे फार कोणाला माहीत नसतं, पण तो इंग्लंडकडून रग्बीही खेळलेला होता.) आता आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूजबरी हे नॉटिंगहॅमशायरचे पक्के प्रोफेशनल, क्रिकेटवर पोट असलेले लोक. उन्हाळ्यात क्रिकेटमध्ये गेलेले पैसे हिवाळ्यात रग्बीवर काढू असा त्यांचा हिशोब. म्हणून इंग्लंडमधून वीस-बावीस जणांची टीम जमवली, त्यातले बरेचसे उत्तरेकडच्या क्लबांतले, स्विंटन, सॅलफर्ड, हॅलिफॅक्स वगैरे, काही स्कॉटलंडच्या हॉइकचे, आणि मार्च १८८८ मध्ये ती बोटीने निघाली.

इंग्लंडच्या रग्बी युनियनने याला पाठिंबा दिला नाही. पण बंदीही घातली नाही, नुसतं सांगून ठेवलं की कोणी पैसे घेतल्याचं कळलं तर अमॅच्युअरचा नियम, म्हणजे रग्बी खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत हा नियम, लावू. आणि लावलाच. हॅलिफॅक्सच्या क्लोव्ज नावाच्या खेळाडूने दौऱ्याच्या कपड्यालत्त्यासाठी १५ पौंड घेतले होते. ड्यूजबरी क्लब हॅलिफॅक्सकडून कपची मॅच हरला आणि लगेच तक्रार घेऊन गेला की हा माणूस प्रोफेशनल आहे! बोट सुटायच्या तोंडावर त्याला प्रोफेशनल ठरवलं. बिचारा टीमबरोबर गेला खरा, पण रग्बीच्या मॅचमध्ये त्याला उतरवलं नाही, म्हणजे एवढा लांब जाऊन फक्त बघत बसायचं. बाकीचे परत आले तेव्हा त्यांच्याकडून लिहून घेतलं की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. आता खरं सांगा, आठ-नऊ महिने कामधंदा सोडून गिरणीच्या गावातले लोक फुकट फिरत होते यावर कोण विश्वास ठेवेल? मी तरी नाही ठेवत.

टेस्ट मॅच का नाही, तर खेळणार कोणाशी? न्यूझीलंडची राष्ट्रीय युनियन स्थापन झाली १८९२ ला. तेव्हा समोर होते ते ओटागो, वेलिंग्टन, ऑकलंड असे प्रांत. रग्बीच्या एकूण ३५ मॅच झाल्या, २७ जिंकल्या, ६ ड्रॉ, आणि हरले फक्त दोनदा, तारानाकी आणि ऑकलंडकडून. पण मेलबर्न आणि अॅडलेडकडे रग्बीला कुत्रं विचारत नव्हतं, तिकडे गेटचा पैसा होता व्हिक्टोरियन रूल्स फुटबॉलला, म्हणजे तिथल्या स्वतःच्या वेगळ्या नियमांच्या फुटबॉलला. मग काय, यांनी तोच खेळ तिथल्या तिथे शिकून १९ मॅच खेळल्या! पहिलीच मेलबर्नच्या कार्लटन क्लबविरुद्ध, दणकून हरले, नंतर मात्र काही जिंकल्यासुद्धा. आजच्या कुठल्या टीमला सांगून बघा असं.

मधेच वाईट प्रसंग झाला. १५ ऑगस्टला कॅप्टन रॉबर्ट सेडन न्यू साउथ वेल्समध्ये मेटलंडजवळ हंटर नदीत एकटा वल्हवायला गेला, होडी उलटली आणि तो बुडाला. त्याला तिथेच पुरलं. दौरा थांबवला नाही, थांबवणं परवडणारंच नव्हतं, आणि कॅप्टन झाला अँड्र्यू स्टॉडार्ट, जो मुळात व्हर्ननच्या क्रिकेट टीममधून आलेला आणि रग्बीसाठी तिकडेच राहिलेला. पुढे तो इंग्लंडच्या क्रिकेट टीमचाही कॅप्टन झाला.

न्यूझीलंडवाल्यांनी या लोकांकडून एक गोष्ट उचलली, ती म्हणजे स्क्रममधून (दोन्ही टीमचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात त्यातून) बॉल टाचेने मागे काढायचा आणि पासिंग करत बॅक्सना, म्हणजे मागच्या फळीतल्या खेळाडूंना, पळवायचं. आणि गंमत म्हणजे हे लोक अजून तिकडेच असताना ऑगस्टमध्ये जोसेफ वॉरब्रिक आपली न्यूझीलंडची 'नेटिव्ह' टीम घेऊन डुनेडिनहून उलट दिशेला, ब्रिटनकडे, निघाला, बहुतेक माओरी खेळाडू, त्यात वॉरब्रिक भाऊच पाच. हासुद्धा खाजगी दौरा, पण १०७ रग्बी मॅच! त्यातल्या ७४ ब्रिटन-आयर्लंडमध्ये, दर दोन-तीन दिवसांनी एक.

फेब्रुवारी १८८९ ला ब्लॅकहीथला त्यांची इंग्लंडशी मॅच झाली. इतर देशांशी भांडण चालू असल्यामुळे इंग्लंडची त्या सीझनची ती एकमेव इंटरनॅशनल. तीत परत हाच स्टॉडार्ट. त्याची चड्डी फाटली, नेटिव्ह खेळाडू त्याला कपडे नीट करता यावेत म्हणून खेळ थांबवून आडोसा करून उभे राहिले, तेवढ्यात इंग्लंडच्या एव्हरशेडने बॉल उचलला आणि जाऊन ट्राय टाकला, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवला. रेफरी रोलँड हिल, जो स्वतः युनियनचा सेक्रेटरी, त्याने ट्राय दिला! काही नेटिव्ह खेळाडू चिडून मैदान सोडून गेले. आणि माफी कोणाकडून मागून घेतली, तर त्यांच्याकडूनच. ज्याने टॅकल करताना ती चड्डी फाडली तो टॉम एलिसन, आणि १८९३ ला काळी जर्सी आणि सिल्व्हर फर्न (नेच्याच्या पानाचं चिन्ह) न्यूझीलंडच्या राष्ट्रीय टीमला द्या हा ठराव मांडणारा पण तोच.

युनियनने मान्यता दिलेला पहिला दौरा हवा असेल तर तो १८९१ चा, साउथ आफ्रिकेचा, मॅक्लॅगन कॅप्टन, तीन टेस्ट, सगळ्या मॅच जिंकल्या. टीममध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले खात्यापित्या घरचे भरपूर, त्यामुळे १५ पौंडांची चौकशी करायची वेळ आली नाही. तोटा झाला तर भरून द्यायची हमी तिथला बडा राजकारणी सेसिल ऱ्होड्स याने घेतली होती.