चालू रुग्णालयाला नवी विंग जोडताना शटडाऊन रात्री घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयसीयू आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) असलेल्या जुन्या इमारतीला खेटून नवी विंग उभी राहणार आहे, जनरेटरची केबल नेमकी नव्या पायाच्या जागेतून जाते, आणि ऑक्सिजन, पाणी, वीज यांच्या जोडण्या रात्री शटडाऊन घेऊन, म्हणजे पुरवठा काही तास बंद ठेवून उरकू, असं ठेकेदार म्हणतोय.

रात्रीचं आधी सांगतो. मी सहसा नाहीच म्हणतो. रात्री गर्दी नसते, तशीच माणसंही नसतात. वॉर्डात एक-दोन सिस्टर, उपकरणं सांभाळणारा बायोमेडिकलवाला घरी, सुट्या भागांचं दुकान बंद. काही फसलं तर निस्तरणार कोण? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दिवस काय नि रात्र काय. ठरलेल्या शस्त्रक्रिया कमी असतील असा दिवस बघायचा आणि सकाळचा राउंड आटोपला की सगळे जागेवर असताना काम घ्यायचं.

पण त्याआधी, जी लाइन कापणार ती कुठेकुठे जाते हे खरंच ठाऊक आहे का? ड्रॉइंगवर विसंबू नका. जुन्या रुग्णालयात कुणीतरी कधीतरी घाईत टी मारून (मधेच फाटा काढून) लाइन वाढवलेली असते आणि ती कागदावर येत नाही. एका ठिकाणी आम्हाला कापायच्या ऑक्सिजन लाइनच्या व्हॉल्व्हवर 'जनरल वॉर्ड' असा पत्र्याचा बिल्ला होता. वॉर्ड रिकामा, ड्रॉइंगही तेच सांगत होतं. तरी आदल्या दिवशी तालीम घेतली. त्या मजल्यावर आणि वर-खाली प्रत्येक खोलीत भिंतीवरच्या ऑक्सिजन आउटलेटला प्रेशर गेज लावून माणूस उभा केला, रुग्ण होते तिथे खाटेशेजारी भरलेला सिलिंडर ठेवला, आणि व्हॉल्व्ह बंद केला. रिकाम्या वॉर्डातला एक आउटलेट मुद्दाम उघडा ठेवला होता. नाहीतर वापर नसलेल्या लाइनीत दाब तसाच अडकून राहतो आणि गेज खुशाल खोटं बोलतो. मिनिटभरात वरच्या मजल्यावरच्या रिकव्हरी रूममधून सिस्टरचा फोन: "अहो, इथला काटा पडतोय!" ४ बारवरून साडेतीनवर आला होता. व्हॉल्व्ह लगेच उघडला. त्या रूमला कुणी कधी ती लाइन जोडली, कुणालाच सांगता आलं नाही.

जोडणी झाल्यावर गेजने ४ बार दाखवले म्हणजे झालं असं नसतं. गेज दाब सांगतो, गॅस कोणता ते सांगत नाही. तांब्याच्या नळ्यांचं ब्रेझिंग (तापवून सांधणं) करताना आत काजळी धरू नये म्हणून नायट्रोजन सोडतात, तो लाइनीत तसाच राहू शकतो. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या लाइनी उलट्या जोडल्या जाऊन रुग्ण दगावले आहेत. प्रत्येक आउटलेट गॅस ओळखणाऱ्या अ‍ॅनलायझरने तपासल्याशिवाय लाइन वॉर्डाच्या ताब्यात द्यायची नाही.

परतीची वेळही आधी ठरवा. चार तासांचं शटडाऊन असेल तर अडीच तासांनी घड्याळ बघायचं. काम मागे असेल तर टोपण लावून लाइन पूर्ववत. हा निर्णय ठेकेदाराचा नाही. तो भूलतज्ज्ञ आणि आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरचा.

धूळ लोक फार हलक्यात घेतात. तोडफोडीतून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात, जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे. रक्ताच्या कर्करोगाच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या फुफ्फुसात ते गेले तर जिवावर बेततं. पार्टिशन स्लॅबपासून स्लॅबपर्यंत हवं. फॉल्स सीलिंगला चिकटवलेलं प्लास्टिक मी इतक्या वेळा पाहिलंय. वर सगळं मोकळं! कामाच्या बाजूला किमान २.५ पास्कल निगेटिव्ह प्रेशर (बाहेरपेक्षा कमी दाब) ठेवा आणि तिथली हवा बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून बाहेर काढा. ओटीच्या एसीची ताजी हवा घेणारी जाळी खड्ड्याच्या तोंडाशी तर नाही ना, हे आजच जाऊन बघा.

बाकीचं भराभर. पाइल (पायाचे खोल खांब) ठोकायचे नाहीत, हादरे बसतात; ड्रिल करून ओतायचे. मायक्रोस्कोपखाली शस्त्रक्रिया चालू असेल तर ओटीतून एका फोनवर साइट थांबली पाहिजे. बंद पाडलेली पाण्याची लाइन मुख्य लाइनपाशीच तोडा, साचलेल्या कोमट पाण्यात न्यूमोनिया करणारा लीजिओनेला जिवाणू वाढतो. धुळीपायी झाकलेले स्मोक डिटेक्टर संध्याकाळी उघडले की नाही, ते मोजून घ्या.

आता ती केबल. खोदकामाच्या हद्दीबाहेरून नवी टाका, आधी. जुनी सोडवून नवी जोडेपर्यंत भाड्याचा जनरेटर वेगळ्या केबलने जोडून, प्रत्यक्ष लोडवर चालवून तयार ठेवा. यूपीएसच्या बॅटऱ्या फक्त मधली काही मिनिटं सांभाळतात. जुन्या केबलचा मार्ग लोकेटरने (जमिनीखालची केबल हुडकणाऱ्या यंत्राने) शोधा आणि हातकुदळीने चाचणी खड्डे घेऊन डोळ्यांनी पाहा. नव्या केबलवर जनरेटरने सगळा इमर्जन्सी लोड उचलून दाखवेपर्यंत जेसीबी गेटच्या आत घेऊ नका.