‘दप्तरी दाखल’ म्हणजे काय झालं?

प्रश्न : लोकप्रशासन हा माझा वैकल्पिक विषय. उत्तर-आधुनिक विचारापाशी गाडी अडते. सत्य एकच नसतं म्हटल्यावर सरकारी कार्यालय चालायचं कसं? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी एक फाइल सांगतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात मी कारकून होतो. एका आजींच्या वारस नोंदीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता. मी पूर्ततेचं पत्र काढलं, मुदत उलटली आणि टिपणी लिहिली : ‘पूर्तता न केल्याने प्रकरण दप्तरी दाखल’, म्हणजे फाइल बंद. महिन्याच्या गोषवाऱ्यात ते ‘निकाली’च्या रकान्यात गेलं. साहेब खूश.

सहा महिन्यांनी आजी जिना चढून आल्या. “बाबू, झालं म्हन्ता, मंग माह्या नावावर काहून नाही चढलं?” पत्र त्यांना मिळालं होतं; वाचून दाखवणारं घरात कोणी नव्हतं.

अमेरिकी अभ्यासक वुड्रो विल्सन यांनी १८८७च्या निबंधात प्रशासन राजकारणापासून वेगळं काढलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने नोकरशाहीची चौकट मांडली. दोन्हीकडे कामाची योग्य रीत टेबलाच्या आतल्या बाजूनेच ठरते. सगळ्यांना एकच उत्तर लावणाऱ्या असल्या मोठ्या कहाण्यांवरचा विश्वास उडाला, हे फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ मध्ये मांडलं. उत्तर-आधुनिक विचाराचा गाभा तो हाच. लोकप्रशासनाचे अभ्यासक डेव्हिड जॉन फार्मर यांनी १९९५ मध्ये प्रशासनाकडे भाषा म्हणून पाहिलं. ‘कार्यक्षमता’ हा त्यांच्या मते निसर्गनियम नाही, एका विशिष्ट संस्कृतीने घडवलेली कल्पना आहे. हे वाचलं तेव्हा मला माझा ‘निकाली’चा रकानाच आठवला.

आता तुमची शंका. कोणीही उठावं नि काहीही बोलावं, असं ही मंडळी म्हणत नाहीत. याच विषयाचे अभ्यासक फॉक्स आणि मिलर यांनी त्याच १९९५ साली सरकारी धोरणावरच्या चर्चेला अटी घातल्या : मनापासून बोला, समोरच्या प्रसंगाला धरून बोला, दुसऱ्याचं लक्ष देऊन ऐका, बोलण्यातून काही भर घाला. परीक्षेत एवढं नीट लिहा. ‘सगळंच सापेक्ष’ लिहून मोकळे होऊ नका.

माझी तक्रार वेगळीच आहे. चर्चेच्या त्या टेबलापर्यंत आजींना आणायचं कोणी?

त्यांची फाइल मी नियमानेच बाहेर काढली. ‘प्रकरण पुनश्च सुरू करण्यास मान्यता असावी.’ हे वाक्यही आजींना कळलं नसतंच म्हणा. साहेबांनी सही केली, आणि त्या महिन्यात माझ्या नावापुढे ‘प्रलंबित’ एकाने वाढलं म्हणून बैठकीत सगळ्यांदेखत झापलंही.